भागरताबाईची माती

नंदलाल सकाळी डेपोत पोचला, तेव्हा बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेरच्या वळणापर्यंत गेली होती. रुळांखाली घालायचे सरईच्या, म्हणजे सालाच्या लाकडाचे स्लीपर घेऊन जंगलातून आलेले गाडीवान घोंगड्या गुंडाळून बसले होते. स्लीपर उतरवून घ्यायचे, प्रत्येकावर हातोड्याचा शिक्का उमटला आहे ना ते पाहायचं आणि वहीत नोंद करायची, हे नंदलालचं मुनशी म्हणून काम. गोरेगावकडच्या कवठटोला या गावचे पाटील जागेश्वर यांचा हा एकुलता एक मुलगा. सातवी पास होऊन गोंदियात लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. ती दोन वर्षं त्याने डेपोच्या गोऱ्या साहेबाच्या शिव्या ऐकत काढली होती.

साहेब रागीट होता असं म्हणणं बरोबर नव्हे. राग आलेला नसतानाही तो तसाच बोले. हमाल असो, गाडीवान असो, मुनशी असो, त्याच्या तोंडी एकच शिवी असे, काला कुत्ता. हमालांना तो असं बोलला की नंदलाल मान खाली घालून वहीत लिहीत राही. आपल्यावर पाळी आली की डोक्यावरची टोपी जरा नीट बसवून तो पुढच्या गाडीकडे वळे. पगार घेऊन घरी जायचं, आई-बापांना तोंड दाखवायचं, एवढ्यासाठी माणूस पुष्कळ काही ऐकून घेतो.

त्या दिवशी एका गाडीतले दोन स्लीपर चिरलेले निघाले. साहेबाने छडीच्या टोकाने नंदलालची टोपी उडवली. ती चिखलात पडली. मग सगळ्या गाडीवानांना ऐकू जाईल अशा आवाजात, मोडक्या हिंदीत तो म्हणाला की याची आई कुत्री, तिने पिल्लाला बघायला कुठून शिकवावं?

पुढचं नंदलालला कधीच नीट सांगता आलं नाही. आपला हात वर गेला, हे त्याला साहेब स्लीपरच्या ढिगावर पडलेला दिसला तेव्हा कळलं. साहेबाच्या ओठातून रक्त येत होतं. गाडीवान उभे राहिले होते.

त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं आणि सोडून दिलं. एका मुनशीने आपल्याला थापड मारली, हे कोर्टाच्या कागदावर लिहिलं जावं अशी साहेबाची इच्छा नव्हती. नोकरी मात्र गेली.

सन एकोणीसशे तीसचा तो मार्गशीर्ष महिना. जंगल सत्याग्रहाने सगळा मुलूख ढवळून निघाला होता, त्यामुळे बातमी नंदलालच्या आधी गावी पोचली. गोरेगावच्या बाजारातच लोकांनी त्याला गाडीवर उभं करून झेंडूचा हार घातला. त्याच्या आईने, शामकलाबाईने, दारात ओवाळलं. चावडीपुढे गाव जमलं होतं. नंदलालचे चुलत काका हिरालाल यांनी सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली आणि मग जागेश्वर पाटील उठले. ते कमी बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी मात्र बोलले.

"मानूस सारं सहन करते," ते म्हणाले. "पन मायवरची शिवी जो आयकून घेते, तो मानूस नोहे. माह्या पोरानं ते दाखवून देल्लं."

गावाने मान डोलावली. चिंचेखाली, लोकांपासून दहा-बारा हात दूर, गावचा कोतवाल बकाराम महार काठी घेऊन उभा होता. त्यानेही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर तो नंदलालला भेटला. जोहार करून, अंतर राखून उभा राहिला आणि हात दुखतो का म्हणून त्याने विचारलं. थोडा दुखतो, असं नंदलाल म्हणाला.

"शिकल्या मानसाले तरी असं कोनी बोलत नसन, असं वाटे मले," बकाराम म्हणाला, आणि आपल्या वाटेने गेला. त्याच्या त्या 'तरी'कडे नंदलालचं लक्ष गेलं नाही. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. गाव त्याला वीर म्हणत होतं आणि त्याला आठवत होते ते डेपोतले हमाल. दोन वर्षं त्यांना तेच शब्द ऐकावे लागले, तेव्हा आपला हात का उठला नाही?

तीन आठवड्यांनी, थंडीतल्या एका पहाटे, जागेश्वर पाटलांच्या थोरल्या चुलत भावाची विधवा वारली. तिला मूलबाळ नव्हतं. माहेर नागऱ्याचं, बहीण कुडव्याला. ते लोक आल्याशिवाय प्रेत उचलता येणार नव्हतं आणि वाट सहा कोसांची.

गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन धावायचं, हे तेव्हा महारांकडे असे. ऊन असो, पूर असो, घरात बाळंतीण असो, हाक आली की निघायचं. सोयऱ्यांच्या अंगणाबाहेरून ओरडून सांगायचं, कुणी वरून भाकर टाकली तर खायची आणि तशाच पावलांनी परत यायचं. याला काम म्हणत नसत, रीत म्हणत.

पाटलांनी हाक मारायला माणूस पाठवला. तो एकटाच परत आला. बकारामची आई भागरताबाईही त्याच पहाटे गेली होती.

पाटील स्वतः निघाले. नंदलाल त्यांच्या मागे होता. वाटेत तो म्हणाला की माझी सायकल आहे, मी दुपारच्या आत नागऱ्याला जाऊन येतो. पाटील थांबलेही नाहीत. पाटलाचा मुलगा सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या दारात उभा राहणार का, एवढंच ते म्हणाले. नंदलाल तसाच मागे चालत राहिला. पुढे आयुष्यभर त्याला वाटत राहिलं की सगळं टाळता आलं असतं ते त्या पाच-पन्नास पावलांत.

महारवाड्याच्या तोंडाशी पाटील उभे राहिले. बकाराम आपल्या झोपडीपुढे तिरडी बांधत होता. दोन हिरवे बांबू, मध्ये कामट्या, सुंभ. आत बायका भागरताबाईला आंघोळ घालत होत्या. बकाराम उठला, वाकून जोहार केला आणि हात जोडूनच बोलला. तो नाही म्हणाला नाही. आईला माती देऊन लगेच निघतो, धावत जातो, दिवस मावळायच्या आत दोन्ही गावं करतो, असं तो म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ सुकराम म्हणाला की हवं तर मी जातो. पण सुकराम पायाने अधू होता.

आपल्या घरात प्रेत पडलेलं, दारात लोक जमलेले, आणि कोतवालाने समोर उभं राहून वेळ सांगावी, हे पाटलांना सहन झालं नाही. ते एरवी वाईट मनुष्य नव्हते. दुष्काळात त्यांनी महारवाड्याला धान वाटलं होतं. पण तोंडातून जे निघालं, ते विचार करून निघालेलं नव्हतं. ते पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर तयारच होतं.

"तुही माय का पळून चालली?" ते म्हणाले. "कुत्रीले दुपारी गाडली तरी चालते."

बकाराम क्षणभर तसाच हात जोडून उभा राहिला. मग वाकला, बांधायच्या राहिलेल्या दोन बांबूंपैकी एक उचलला आणि मारला. एकच फटका. पाटलांनी हात आडवा धरला म्हणून तो मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज नंदलालने ऐकला. बकारामने बांबू खाली टाकला आणि तो पुन्हा हात जोडून उभा राहिला, जणू मधलं काही झालंच नव्हतं.

त्याचं तोंड नंदलालने पाहिलं. ते तोंड त्याच्या ओळखीचं होतं. असंच काहीतरी त्या दिवशी आपल्या तोंडावर असणार, असं त्याला वाटलं. गावात इतर कुणालाही जे समजलं नसतं, ते त्याला त्या घटकेला समजलं होतं. आणि तरी तो बापाला धरून उभा राहिला.

हिरालाल वीस-पंचवीस माणसं घेऊन आले. महारवाड्यातले पुरुष लाखोरीची डाळ पेरलेल्या बांध्यांतून, शेताशेतांतून पळाले. बकाराम पळाला नाही, आईला सोडून तो जाणार कुठे? त्याला त्याच्याच अंगणात काठ्यांनी मारलं. तो पडल्यावरही मारलं. नंदलाल 'पुरे करा' म्हणाला, पण इतक्या हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसावं. गोऱ्या साहेबापुढे उठलेला हात आपल्या माणसांपुढे उठला नाही.

मग बकारामला बैलगाडीला बांधून ठाण्यावर नेलं. महारांचं प्रेत गावावरून जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. पुरुष परत यायला धजले नाहीत. दुपारी बकारामची बायको रुख्मा आणि आणखी तिघी बायांनी तिरडी उचलली. बायांनी खांदा दिलेला त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. वाट बंद म्हणून त्या धानाच्या कापलेल्या बांध्यांतून चालल्या होत्या. प्रत्येक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिरडी खाली टेकवायची, दोघींनी पलीकडे उतरायचं, पुन्हा उचलायची. लंगडत लंगडत सुकराम फावडं घेऊन मागे होता. नंदलाल तलावाच्या पाळीवरून हे पाहत होता. तो दोन पावलं खाली उतरला आणि थांबला.

आणि नागऱ्याचा सांगावा? तो हिरालाल काका नंदलालच्याच सायकलवर बसून घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत सगळे सोयरे आलेही.

फौजदाराच्या पंचनाम्यात लिहिलं गेलं की कोतवालाने दारूच्या नशेत पाटलांवर हल्ला केला, पळताना तो धुऱ्यावरून पडला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. साक्षीदार म्हणून नंदलालचं नाव होतं. शिकलेला मुलगा, सत्याग्रहाच्या साली गोऱ्याला मारलेला, त्याच्या शब्दाला कोर्टात वजन पडणार होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी पाटलांनी त्याला समोर बसवून काय बोलायचं ते सांगितलं. नंदलालने भीत भीत विचारलं की मी साहेबाला मारलं ते बरोबर आणि बकारामने मारलं ते चूक, असं कसं? पाटलांना प्रश्नच कळला नाही. ते खरंच गोंधळले.

"साहेब परका होता," ते म्हणाले. "बकाराम आपला मानूस. पिढ्यांपासून आपल्या दारात हाय. आपल्याच मानसाले बोलाले का इचारा लागते?"

शामकलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवऱ्यापुढे ती बोलत नसे. नंदलाल उठल्यावर तिने त्याला आत बोलावलं आणि त्याच्या ताटात भात वाढत हळूच विचारलं, "त्या म्हातारीले माती तरी बरोबर भेटली का रे?" नंदलालने ताट बाजूला सारलं.

तालुक्याच्या कोर्टात दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं तेवढं सगळं सांगितलं. बापाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. काठ्या कुणाकुणाच्या हातात होत्या, त्यांची नावं सांगितली. पाटलांच्या वकिलाने त्याला हसत विचारलं की मग आरोपीने मारलं ते योग्यच केलं, असं तुमचं म्हणणं आहे काय?

नंदलालने मान वळवून पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात बकाराम कठड्याला धरून उभा होता, त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं.

"ते मला ठरवता येत नाही," नंदलाल म्हणाला. "मी साहेबाला मारलं, तेव्हा मला हा प्रश्न कोणी विचारला नाही. मला हार घातला. शिवी तीच होती. याला मात्र आईला माती देऊ दिली नाही. एवढं चूक आहे, हे मला ठाऊक आहे."

न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं की चिथावणी गंभीर होती, परंतु गावच्या पाटलावर हात उचलणे क्षम्य नाही. बकारामला तीन महिन्यांची सजा झाली. मारहाणीचा खटला उभाच राहिला नाही, कारण नंदलालशिवाय त्या गावात कुणी काही पाहिलंच नव्हतं.

बकाराम चैत्रात सुटून आला, तो सुकरामच्या खांद्यावर हात टाकून. खोकला की रुमालाला रक्त लागे. नंदलाल त्याला भेटायला महारवाड्यात गेला आणि त्याच्या अंगणात, मातीवर बसला. यापूर्वी त्या अंगणात त्याच्या घरातलं कुणी बसलं नव्हतं. रुख्माला काय करावं सुचेना. तिने चटई आणली आणि ती देऊ की नको अशी दारातच उभी राहिली. नंदलालने पाणी मागितलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग लोटा भरून आणला.

तो माफी मागायला आला होता. पण बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं की बकाराम, तू केलंस ते मर्दाचं काम केलंस. बकारामने हात हलवून त्याला थांबवलं.

"तसं नोका बोलू, छोटे पाटील," तो म्हणाला. "मी तो बांबू उचलला नसता तं मायले माह्या खांद्यावर नेली असती. रुख्माले न्या लागलं. ते रोज डोळ्यापुढे येते."

नंदलालने विचारलं, मग पस्तावतोस का?

बकाराम खोकला. श्वास बसेपर्यंत रुख्मा त्याची पाठ चोळत राहिली. "तेही नाई सांगता येत," तो म्हणाला. "पुन्हा कोनी तसं बोललं, तं पुन्हा हात उठन का बसून राईन, मले नाई मालूम. फौजदारानं इचारलं, कोर्टातल्या साहेबानं इचारलं, जेलातल्या कैद्यायनं इचारलं, बकाराम, तू काऊन मारलं? आमच्या जातीतले बी तेच इचारतात. पाटलाले जाऊन एकानं तरी इचारलं का, तुमी तसं काऊन बोलले? तुमी इचारलं का?"

नंदलालने विचारलं नव्हतं. कोर्टात सगळ्या लोकांपुढे बापाचे शब्द त्याने सांगितले होते, पण बापापुढे उभं राहून हा एवढा साधा प्रश्न त्याने केला नव्हता.

तो त्याच पावली घरी आला. ओसरीवर हिरालाल काका आणि चार माणसं बसली होती. नंदलाल बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, त्या दिवशी तुमी त्याच्या मेल्या मायले कुत्री काऊन म्हनाले?" हिरालाल उठून अंगावर आले. पाटलांनी त्यांना हाताने थांबवलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नंदलालने तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. आवाज न चढवता, मान खाली न घालता तो रोज विचारायचा आणि पाटील रोज उठून आत जायचे. जातीच्या पंचांनी नंदलालला पंगतीतून काढलं. शामकलाबाई त्याला वेगळं वाढायची आणि तो जेवून होईपर्यंत समोर बसून राहायची.

महारवाड्याने त्याच सुमारास सांगावे नेणं बंद केलं. त्याबद्दल त्यांचा वर्षाचा धानाचा वाटा गावाने बंद केला. चार घरं मजुरीसाठी गोंदियाकडे निघून गेली. उरलेल्यांनी ते उन्हाळ्याचे दिवस कसे काढले, ते ज्यांनी काढले त्यांनाच माहीत.

वैशाखात बकाराम गेला. या वेळी त्याला त्याच्या भाऊबंदांनी उचललं आणि नंदलाल त्यांच्यासोबत गेला. कुणी वाट अडवली नाही. अडवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मातीवरून परत येऊन, तलावावर आंघोळ करून ओल्या धोतराने तो घरी आला, तेव्हा ओसरीवर पाटील एकटेच बसले होते. बकाराम गेल्याचं त्यांना कळलं होतं. मोडलेलं मनगट वाकडं जुळलं होतं, ते त्यांनी मांडीवर ठेवलं होतं.

नंदलाल त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याने विचारलं नाही.

पाटलांनी वाट पाहिली, आणि मग त्याने न विचारताच उत्तर दिलं.

"आमी तसंच बोलत आलो," ते म्हणाले. "माहा बाप तसा बोले, त्याचा बाप तसाच बोले. कोनाले लागत असन, असं मनातच नाई आलं. मले कोनी कधी इचारलंच नाई." त्यांनी वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "आता इचारून का होते? तो तं गेला."

आत शामकलाबाईच्या रडण्याचा आवाज आला. नंदलालला इतके दिवस वाटत होतं की उत्तर मिळालं की मन हलकं होईल. ते झालं नाही. उत्तर खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. एका माणसाचा जीव गेला, एका म्हातारीची माती बायांना करावी लागली, आणि हे सगळं ज्या शब्दांपायी झालं ते बोलणाऱ्याच्या मनातही आले नव्हते, नुसते जिभेवर होते.

तो बापाच्या शेजारी थोडा वेळ बसला. कवठटोल्यात पाटलांच्या जातीची चाळीस घरं होती. हा प्रश्न आजवर त्याने एकाच घरात विचारला होता.

नंदलालने कोरडं धोतर नेसलं, पायात वहाणा घातल्या आणि तो हिरालाल काकांच्या घराकडे निघाला.